कोड फोल्डिंग : घडी, दुमड की मिटणं?

टिळकवाडी, बेळगाव
मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेल्या मुलांसाठी टेक्स्ट एडिटरच्या सेटिंग्जवर छोटी पुस्तिका लिहितोय. फोल्डिंगपाशी गाडी अडलीय. फंक्शनच्या डावीकडच्या बाणावर क्लिक केलं की पहिली ओळ तेवढी उरते आणि बाकीच्या ओळी आत जातात, ते. 'कोड लपवा' असं लिहिलं होतं, तर एकाने विचारलं, "मग तेवढा भाग रन होणार नाही काय सर?" म्हणजे 'लपवा' बाद. दुमडा, घडी घाला, मिटा यांतलं काय घ्यावं? आणि उलट क्रियेला काय?

शहापूर
घडी. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे हो? इकडं शहापूर-वडगावात घरोघर माग चालायचे, त्यामुळं हा शब्द आमच्या हातातलाच. दुमडणं म्हणजे कडेचा थोडा भाग वळवणं : पानाचा कोपरा दुमडतो, शर्टाची बाही दुमडतो. घडी अख्ख्या वस्तूची. घडी घातलेल्या साडीचा काठ तेवढा वर दिसतो आणि त्यावरून दुकानदार साडी ओळखतो. तुमची ती पहिली ओळ म्हणजे काठच की.

निपाणी
नाम म्हणून घडी मान्य. पण मेनूत 'सर्व घड्या घाला' वाचताना कसंतरीच होतं. 'सर्व मिटा' आणि 'सर्व उलगडा' सुटसुटीत वाटतं.

चिकोडी
'मिटा' नको. आमच्याकडची पोरं हिंदी टीव्ही बघून मोठी झालीत, 'मिटाना' म्हणजे पुसून टाकणं हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यात मराठीतही भांडण मिटतं ते संपतंच. कोडशेजारी 'सर्व मिटा' वाचलं तर कोण बोट लावेल? कानडीत मडचु म्हणजे घडी घालणे आणि बिच्चु म्हणजे उलगडणे, सरळ जोडी आहे. वर्गातली कानडी पोरं त्यावरून घडी-उलगड लगेच समजतील.

खानापूर
मी विम या टेक्स्ट एडिटरमध्ये काम करतो, तिथं हा प्रश्न जास्त खोल जातो. फोल्डिंग विममध्ये २००१ साली ६.० आवृत्तीत आलं आणि त्याच्या क्रिया वेगवेगळ्या आहेत. 'झेडसी' (म्हणजे झेड आणि सी या कळा एकामागून एक) घडी बंद करते, 'झेडओ' उघडते, 'झेडए' आलटून पालटून दोन्ही करते. 'झेडएफ' नवी घडी तयार करते. 'झेडडी' मात्र घडीच काढून टाकते, आतल्या ओळी जशाच्या तशा राहतात. म्हणजे 'उलगडणे' आणि 'मोडणे' असे दोन शब्द लागणारच. मराठीत ते आयते आहेत : उलगडलेली घडी पुन्हा घालता येते, मोडलेली नव्याने बसवावी लागते. तेव्हा 'झेडओ'ला कुणी 'घडी मोडा' लिहू नका. नव्या साडीची घडी मोडण्याचा मान इथं कुणाला नाही.

घड्या पाडायच्या विममध्ये वेगवेगळ्या पद्धती आहेत. 'झेडएफ' आणि 'झेडडी' फक्त मॅन्युअल (हाताने) आणि मार्कर (खुणांनी) या पद्धतींतच चालतात. इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) किंवा सिंटॅक्स (कोडची रचना) निवडलं तर घड्या विम स्वतः पाडतो, आपण फक्त उघडझाक करायची.

आणखी एक, पुस्तिकेत ठळक छापा. बंद घडीवर 'डीडी' (ओळ पुसायची आज्ञा) मारली की आतल्या सगळ्या ओळी जातात, नुसती दिसणारी एक नाही. लगेच 'यू' दाबलं की परत येतात, पण त्या क्षणी पोरगं पांढरं पडतं.

टिळकवाडी, बेळगाव
हे उत्तम झालं. 'फोल्डमेथड' (घड्या पाडायची पद्धत) इंडेंट ठेवलं की फाइल उघडतानाच सगळ्या घड्या बंद असतात, तेव्हाही "सर, कोड गेला!" अशी ओरड होते. त्यासाठी 'फोल्डलेव्हलस्टार्ट' (फाइल उघडताना घडीतल्या घड्या किती खोलवर उघड्या ठेवायच्या तो आकडा) ९९ ठेवायला सांगतो. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये तक्रार उलटी, "बाणच दिसत नाही". तिथं 'शो फोल्डिंग कंट्रोल्स' मुळात 'माउसओव्हर'वर असतं, माउस समासात नेल्याशिवाय बाण येत नाही. 'ऑल्वेज' केलं की मिटलं. ('मिटलं' आलंच बघा, चिकोडीकर!)

निपाणी
बरं, 'मिटा' मागे घेतो. पण 'फोल्डलेव्हल'चं काय? 'घडी-स्तर' म्हणजे सरकारी परिपत्रक वाटतं.

शहापूर
पदर म्हणा. घडीच्या पोळीला पदर सुटतात न्हवं? फंक्शनच्या आत लूप, लूपच्या आत इफ, हे तीन पदर.

खानापूर
इथं जरा थांबा. घडीत घडी असते हे पदराने कळतं, पण 'फोल्डलेव्हल' हा आकडा आहे. १ ठेवला तर बाहेरची घडी उघडी राहते आणि तिच्या आतल्या बंद होतात. 'पदर १' वाचून पहिलाच पदर बंद होईल असं वाटायचं. 'किती पदर उघडे' असं पूर्ण लिहिलं तर चालेल.

टिळकवाडी, बेळगाव
'उघडे पदर : १'. लांब झालं तरी चालेल, अर्थ चुकत नाही. मग ठरलं : नाम घडी, क्रिया घडी घाला आणि उलगडा, 'मोडा' फक्त 'झेडडी'ला. मेनूतल्या 'फोल्ड ऑल'ला 'सगळ्या घड्या घाला' असंच ठेवतो, निपाणीकरांना कसंतरी वाटलं तरी. अजून एक राहिलंय. मार्कर पद्धतीत 'झेडएफ' मारलं की फाइलमध्येच तीन-तीन महिरपी कंस लिहिले जातात, बाकीच्या पद्धतींत फाइलला काही होत नाही. त्या कंसांच्या खुणेला शब्द सुचवा.

चिकोडी
खूणच म्हणा की. 'घडीची खूण'.