'एक्स्ट्रा रिस्क' आणि 'ॲडेड रिस्क': मराठीत दोन शब्द कोठून आणावेत?

अनुस्वार: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 'बेंचमार्क डोस सॉफ्टवेअर'वरील टिपणाचे मी भाषांतर करते आहे. प्राण्यांवरील प्रयोगाचे आकडे भरले की हे सॉफ्टवेअर त्यांवर निरनिराळी गणिती प्रारूपे बसवते आणि ठरावीक परिणाम घडवणारा डोस, म्हणजेच 'बेंचमार्क डोस', व अनिश्चितता धरून येणारी त्याची खालची विश्वासमर्यादा काढून देते. 'एक्स्ट्रा रिस्क' आणि 'ॲडेड रिस्क' या दोन्ही पर्यायांना मी 'अतिरिक्त धोका' लिहिले आणि तपासनिसांनी ते खोडले, ते योग्यच होते. समजा, रसायन न देताही २० टक्के उंदरांच्या यकृतात गाठ आढळते. १० टक्के 'ॲडेड' धरल्यास आकडा सरळ ३० टक्क्यांवर जातो. 'एक्स्ट्रा' धरल्यास मात्र उरलेल्या ८० टक्क्यांचा दहावा हिस्सा मिळवायचा, म्हणजे २८. हा भेद दाखवणारी जोडी कोणी सुचवेल का?

खलबत्ता: त्याआधी, आपण डोसला 'मात्रा' म्हटले आहे का? माझी आजी सहाणेवर मात्रा उगाळून मधातून चाटवत असे. मात्रा 'लागू पडते', म्हणजे गुण येतो. जिने गाठ होते तिला मात्रा म्हणणे मला तरी रुचत नाही.

अनुस्वार: होय, 'मात्रा'च लिहिले आहे.

काना-मात्रा: मूळ धातू 'मा', म्हणजे मोजणे. वृत्तातल्या मात्रेने कोणाला गुण येतो? शब्द परिमाणाचा आहे, औषधाचा नव्हे. मला 'रिस्पॉन्स'साठी रूढ असलेला 'प्रतिसाद' अधिक खटकतो, कारण साद घातल्यावर जो मिळतो तो प्रतिसाद. गाठ हा उंदराचा प्रतिसाद कसा? तेथे 'परिणाम' लिहावे.

प्रयोगवही: आम्ही प्रयोगशाळेत डोस आणि रिस्पॉन्सच म्हणतो, आणि नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे 'प्रोॲस्ट' हे असेच सॉफ्टवेअर वापरणारेही तेच म्हणतात. केनी क्रम्प यांनी १९८४ मध्ये बेंचमार्क डोसची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनीही 'बेंचमार्क' हा भूमापकांचा शब्द उसनाच घेतला होता.

काना-मात्रा: त्यांनी तो स्वभाषेतून घेतला, एवढाच काय तो फरक.

अनुस्वार: माझे २८ आणि ३० अजून एकाच शब्दात अडकले आहेत.

खलबत्ता: 'ॲडेड'ला 'वाढीव धोका' चालेल. 'एक्स्ट्रा'ला 'उर्वरितांतील धोका' म्हणता येईल, पण तो कानाला ओबडधोबड लागतो. 'मात्रा' मात्र आधी काढा.