सोसायटी ग्रुप: ‘रात्रीचं जेवण सोडा’ या फॉरवर्डवरून झालेली चर्चा

बी-२०४: ‘रात्रीचं जेवण सोडा, दहा वर्षं जास्त जगा’ हा ग्रुपवरचा मेसेज आईने वाचला आणि काल नुसतं दूध पिऊन झोपली. वय ७१. ए-३०२ ताई, तुम्ही आहारतज्ज्ञ आहात, म्हणून विचारते. हे बरोबर आहे का?

ए-३०२: आज रात्री त्यांना नीट जेवायला घाला. या वयात स्नायू झिजण्याची भीती मोठी असते. स्नायू गेले की तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडतं आणि मग अंथरूण सुटत नाही. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन ६० किलो असेल तर ६० ते ७२ ग्रॅम झाली. एक जेवण गाळून एवढी प्रथिनं पोटात जाणं फार अवघड. किडनीचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सी-५०१: पण कमी खाणारा जास्त जगतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

ए-३०२: काका, दोन घास कमी खाऊन उठणं चांगलंच. जपानच्या ओकिनावात जुनी माणसं पोट ८० टक्के भरलं की थांबतात. पण त्यांच्या ताटात रताळी, भाज्या, सोयाबीन भरपूर असायचं, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

मला या मेसेजांचं हेच खटकतं. जो तो काय सोडायचं तेवढंच सांगतो. चुकीच्या आहारामुळे २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. त्यामागची पहिली तीन कारणं: मीठ जास्त, कोंड्यासकट धान्य कमी, फळं कमी. तीनपैकी दोन ठिकाणी माणसं कमी पडतात ती खाण्यातच!

सी-५०१: आता सत्तरीत बदलून काय उपयोग?

ए-३०२: आहे ना काका. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये पाश्चात्त्य आहार बदलला तर आयुष्य किती वाढेल याचं गणित मांडलं. साठीत बदल केला तर साधारण ८ वर्षं आणि ८०व्या वर्षी केला तरी सुमारे ३. अंदाजच आहे, प्रत्येकाला लागू होईल असं नाही. पण सर्वांत जास्त फायदा डाळी-कडधान्यं, अख्खं धान्य आणि बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा वाढवल्याने दिसला.

डी-१०३: आमचे हे बीपीच्या गोळीवर आहेत. ते कमी सोडियमचं मीठ आणू का?

ए-३०२: काकू, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी अशक्त असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साधं मीठच कमी करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा सपाट चमचा. पाकीटबंद पदार्थांतलं मीठही यातच धरायचं. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा, मीठ किती ते कळेल.

ई-४०२: पाकीटबंद म्हणजे सगळंच वाईट का?

ए-३०२: सगळं नाही. गोठवलेले मटार, साधं दही चालतं. कारखान्यात चवी-रंग घालून तयार झालेल्या खाण्याबद्दल बोलतेय. अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे तसं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणून. तसं खाताना ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

बी-२०४: ताई, आत्ता आईशी बोलले. फॉरवर्ड निमित्त होतं. कवळी टोचते म्हणून तिला रात्री चावायचाच कंटाळा येतो.

ए-३०२: मग आधी दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. चावता येत नाही म्हणून कितीतरी ज्येष्ठ भाज्या, फळं, कडधान्यं हळूहळू सोडून देतात आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तोवर मऊ शिजवलेली डाळ, दही, खात असतील तर अंडं, आणि किसलेलं किंवा वाफवलेलं फळ द्या. दर जेवणात प्रथिनांचं काहीतरी असू द्या.