पडद्याआडचा फासा: नव्या गेम मास्टरने निकाल बदलावा का?

रानवाट
रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एकेक पात्र खेळतात; गोष्ट आणि शत्रू गेम मास्टर चालवतो. पहिल्यांदा मोहीम चालवणाऱ्याला हमखास सांगतात: फासे पडद्याआड टाक, निकाल जड गेला तर गुपचूप फिरव. माझा याला ठाम विरोध आहे. पहिल्या सत्रापासून फासे सगळ्यांसमोर पडू द्या. पात्र खरंच मरू शकतं हे ठाऊक असलेला खेळाडू दाराला कान लावतो, मशाल विझवतो, बोलणी करून बघतो. मरण नाहीच हे कळलं की तो थेट दार लाथाडतो. आणि हे कळतंच, फासा बघून गेम मास्टर अडखळला की.

तिसरी_खोली
साफ असहमत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या २०१४च्या नियमांचंच घ्या. पहिल्या पातळीचा, म्हणजे अगदी नवा विझार्ड (जादूगार), ७ हिट पॉइंट; मार बसेल तसे ते घटतात, शून्यावर तो आडवा. गॉब्लिन या छोट्या शत्रूला वीस बाजूंच्या फाशावर २० पडले की क्रिटिकल, म्हणजे जास्तीचा जोरदार वार: सहा बाजूंचे दोन फासे अधिक २. सरासरी ९, म्हणजे विझार्ड आडवा. वार १४चा, म्हणजे त्याच्या पॉइंटांच्या दुप्पट बसला तर जागीच मृत्यू. यात खेळाडूचं काय चुकलं? त्याच वर्षीचं डंजन मास्टर्स गाइड, म्हणजे गेम मास्टरसाठीचं अधिकृत पुस्तकही सांगतं, की लागोपाठ दोन क्रिटिकलनी पात्र मरत असेल तर दुसरा साधा वार करता येईल, फक्त वरचेवर नको. नवख्याला चकमक किती जड जाईल हे जोखता येत नाही, त्याची शिक्षा खेळाडूंना का?

रानवाट
१४चा वार बसणं म्हणजे क्रिटिकल लागल्यावरही ३६ मध्ये एकदा. एरवी शून्यावर गेलेल्याला मृत्यूचे फासे, म्हणजे जगतो की मरतो हे ठरवणारे, मिळतात, सोबती सावरू शकतात. शिवाय गॉब्लिनांनी पुढे काय करायचं हे तुमच्याच हातात आहे. ते पडलेल्याला सोडून दुसऱ्याकडे वळतील, कैद करून खंडणी मागतील, निम्मे मेले की पळ काढतील. एवढं सगळं हाताशी असताना फाशाला हात का लावायचा?

कंदीलवाला
माझ्या मते खोट आधीच होते, नको तिथे फासा टाकल्यामुळे. चोरदारामागे मुख्य धागादोरा ठेवला, तो शोधायला किमान १५ची अट घातली, चौघेही नापास झाले. आता गोष्ट ठप्प आणि गेम मास्टर आकडा फिरवायच्या मोहात. दार सापडू द्या की! फासा टाकायचाच तर किती वेळ गेला, पहारेकरी जागे झाले का, यासाठी टाका. दोन्हीपैकी एक निकाल पेलणार नसेल तर फासा उचलूच नका. आणि पात्राचा मृत्यू चालेल का, हे सेशन झिरोतच, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, विचारून घ्या.

तिसरी_खोली
चोरदाराचं पटलं. लढाईत मात्र फासा टाळता येत नाही. म्हणून पहिली पातळी संपेपर्यंत मी पडदा ठेवेनच, खेळाडूंना तसं सांगून.

रानवाट
सांगणार असाल तर सरळ नियमच करा: पहिल्या पातळीवर शत्रूला क्रिटिकल नाही. फासा उघडाच राहील आणि विझार्डही वाचेल.

तिसरी_खोली
तो वाचेल, पण शत्रूला २० पडल्यावर टेबलाभोवती जो श्वास अडकतो तोही जाईल. मला तो हवा आहे.