कॉन्ट्राच्या ३० लाइफ
व्हिडिओ गेम जुने भारी की नवे? 'जुने गेम अवघड होते म्हणूनच भारी होते' हे मत मला अर्धंच पटतं. ते अवघड होते कारण ते चिमुकले होते. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० किलोबाइटचा. सकाळी येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो! जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढलीत, फक्त रंग वेगळा. (एकदा लक्षात आलं की मग तेवढंच दिसत राहतं.) एवढ्याशा गेममध्ये पोरांना महिनोन्महिने अडकवायचं तर सारखं मरायला लावण्यावाचून इलाज नव्हता. सेव्ह नाहीच, सगळ्या लाइफ संपल्या की पहिल्यापासून.

कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये ३ लाइफ, म्हणजे तीनदा मरायची मुभा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए दाबलं की ३०. आमच्या गल्लीत हे एकाच दादाला माहीत होतं आणि तो रिमोट पोटाशी धरून, आमच्याकडे पाठ करून दाबायचा. गेमच्या कॅसेटवर '९९९९ इन वन' लिहिलेलं. निघायचे तेच सात-आठ गेम. तरी फुंकर मारमारून लावायचो.

सध्या मी २०१८ चा रेड डेड रिडेम्प्शन २ हा काउबॉयचा गेम खेळतोय. खेळतोय म्हणजे काय, मिशन सोडून घोड्यावरून नुसता भटकतो, नदीकाठी मासे पकडतो. मारिओत भटकणं सोडाच, मागे परतायचीही सोय नव्हती. स्क्रीन डावीकडे सरकायचीच नाही.

तेव्हा मला विचाराल तर नवे. कॉन्ट्रा मात्र कुणी जोडीला बसणार असेल तर आत्ता, या क्षणी.