एकमेकांच्या तासाला बसायचं का? सीमाभागातल्या कॉलेज अध्यापकांसाठी चर्चा

वेदगंगा

मी चिकोडी तालुक्यातल्या एका अनुदानित पदवी कॉलेजात वाणिज्य शिकवते. सध्या बढतीच्या फायली भरणं चाललंय, म्हणून यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम पुन्हा काढून वाचले. अध्यापन कसं मोजायचं, तर नेमून दिलेल्या तासांपैकी ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त तास घेतले की 'चांगलं', सत्तर ते ऐंशी असेल तर 'समाधानकारक'. तास झाला की नाही एवढंच विचारलंय. मुलांना काय कळलं, याला रकानाच नाही. पहिल्या बढतीसाठी २१ दिवसांचा ओरिएंटेशन, म्हणजे अध्यापकांचं प्रशिक्षण शिबिर, आणि जोडीला एखादा रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा कोर्स, किंवा तसलंच काही.

शिकवणं सुधारायच्या कामात आपला सहभाग एवढाच उरलाय. शिबिराला जायचं, प्रमाणपत्र आणायचं, त्याची एक प्रत आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) फायलीत लावायची. आमच्या स्टाफरूममध्ये पुस्तकं, पगार, सेमिस्टरचं वेळापत्रक, सगळ्यावर बोलणं होतं. 'आज माझ्या वर्गाला हे कळलं नाही, तुम्ही कसं सांगता?' हा प्रश्न मात्र मी क्वचितच ऐकलाय.

आणि आपले वर्ग सोपे नाहीत. माझ्या बी. कॉम. पहिल्या वर्षात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं आहेत, कन्नड माध्यमातली आहेत, थोडी इंग्रजी माध्यमातली. पुस्तक इंग्रजी, पेपर बहुतेक जण इंग्रजीत लिहिणार. मी तिन्ही भाषा मिसळून बोलते. गेल्या सेमिस्टरला इतिहासाच्या एक मॅडम माझ्या विनंतीवरून मागच्या बाकावर येऊन बसल्या. जमाखर्चाचा ओ की ठो त्यांना येत नाही. पण त्यांनी पाहिलं की मी प्रश्न एका भाषेत विचारते आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या भाषेत तोच प्रश्न पुन्हा विचारते. त्यामुळे दोन्हीकडची मुलं गप्प बसतात. इतक्या वर्षांत हे मला कुठल्याच शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कसं? शिबिरातल्यांनी माझा वर्ग पाहिलाच नव्हता.

म्हणून माझा प्रस्ताव: पुढच्या सेमिस्टरला ज्यांना वाटेल त्यांनी जोड्या करून एकमेकांच्या तासाला बसावं. काय बघायचं हे ज्याचा तास आहे त्यानं आधी सांगायचं. त्याच दिवशी चहाला बसून बोलायचं. कागद नाही, अहवाल नाही, प्राचार्यांकडे काही जाणार नाही. विषय वेगळे असले तरी चालतील, किंबहुना वेगळेच बरे.

मलप्रभाकाठ

मॅडम, प्रस्ताव चांगला आहे, पण शिबिरांवर तुम्ही अन्याय करताय. मी खानापूर तालुक्यातून निवृत्त झालो. १९८६ चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि त्यानंतर, १९८७ पासून, यूजीसीनं अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं, म्हणजे अध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रं, सुरू केली. त्याआधी काय होतं? एम. ए. झालं की दुसऱ्या दिवशी खडू हातात. शिकवायचं कसं हे शाळेच्या मास्तराला डी. एड., बी. एड. करून शिकावं लागतं, कॉलेजच्या मास्तराला कोणी विचारतच नव्हतं.

धारवाडला स्टाफ कॉलेज झालं आणि आमच्यासारखे खेड्यातल्या कॉलेजातले लोक पहिल्यांदा विद्यापीठाच्या वसतिगृहात एकत्र राहिले. तेव्हा आमची कॉलेजं कर्नाटक विद्यापीठाकडेच होती, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मधलं. प्रश्नपत्रिका काढताना कुठला प्रश्न पाठांतर तपासतो आणि कुठला समज, हा फरक मी तिथं शिकलो. रात्री जेवल्यावर कारवारचे, विजापूरचे लोक आपापल्या वर्गाची गाऱ्हाणी सांगत. तुम्ही जो चहा म्हणताय तो आम्ही तिथंच प्यायलो.

आता त्याचं नाव बदलत बदलत मालवीय मिशन झालंय आणि पुष्कळसं ऑनलाइन असतं. कॅमेरा बंद करून लोक दुसरी कामं करतात हे मलाही माहीत आहे. पण म्हणून ती जागाच नको म्हणू नका. घराजवळच्या चार माणसांनी एकमेकांना बघत बसलं तर चौघांच्या सवयी त्याच चौघांत फिरत राहतील. नवं बाहेरूनच येतं.

हिरण्यकेशी

मी अतिथी उपन्यासक आहे, म्हणजे मानधनावर तात्पुरती नेमलेली. सकाळी एका सरकारी पदवी कॉलेजात, दुपारी बस धरून दुसऱ्या खासगी कॉलेजात. वर दोघांनी लिहिलेलं मन लावून वाचलं आणि दोघांचाही राग आला, क्षमा करा.

हा सगळा विचार कायम नोकरीतल्या माणसाचा आहे. बढतीची फाईल म्हणता, मला बढती कुठली? दर वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं यादी. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं मानधन वाढवलं ते आमच्या लोकांनी आंदोलन केलं म्हणून. आणि वाढवताना प्रत्येकाला आठवड्याचे पंधरा तास केले. एकूण तास तेवढेच, मग काहींना जास्त मिळाले आणि काहींचे गेले. ज्यांचे गेले त्यातले दोघे माझे मित्र.

आता तुम्ही म्हणता मागच्या बाकावर येऊन बसू. कोण बसणार? कायम प्राध्यापक. तो चांगला माणूस असेल, चहाही पाजेल. पण पुढच्या जूनला याद्या लागताना विभागात कोणी 'त्यांचं कन्नड कच्चं आहे' किंवा 'वर्गावर ताबा नाही' एवढं सहज बोललं तरी पुरे. कागद नसला की तुम्हाला निर्धास्त वाटतं. मला तर कागद नसला की जास्त भीती वाटते, कारण मग काय बोललं गेलं ते मला कधीच कळणार नाही आणि उत्तरही देता येणार नाही.

शिकवण्याची आवड नाही असं नाही. बसमध्ये बसून मी रोज उद्याच्या तासाचा विचार करते. पण सरकारी पदवी कॉलेजांत आज कितीतरी वर्ग आम्हीच चालवतोय, आणि अध्यापक सुधारायच्या योजना ज्यांच्यासाठी आखल्या जातात त्यांत आम्ही धरलेलेच नाही.

सांबरा

इंजिनिअरिंगकडे हेच चाललंय. विभागाला सांगतात इतकी नावं द्या, आम्ही देतो. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) अटल अकॅडेमीचे आठवड्याचे कोर्स आहेत. काही खरोखर उत्तम, विशेषतः नव्या सॉफ्टवेअरवरचे. पण ते विषयाबद्दल असतात. तो विषय साठ मुलांना कसा शिकवायचा हा भाग त्यात फारसा येत नाही. बाकी वेदगंगा मॅडमना माझा पाठिंबा.

कणबर्गी

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला प्रस्ताव अपुरा वाटतो. कारण सांगतो.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुलं त्यांच्यावर खूश होती, अभिप्राय छान येत होते, अवघड गणितंही मुलं सोडवत होती. तेव्हाच्या एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवलं असतं तर तो 'वा' म्हणून उठला असता. १९९० च्या सुमाराला त्यांनी मुलांना बलाबद्दलचे साधे, आकडे नसलेले प्रश्न दिले आणि लक्षात आलं की सूत्रं पाठ आहेत, पण न्यूटनचे नियम समजलेले नाहीत. तिथून त्यांनी पद्धत बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. पुढे २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी ३४ टक्के नापास, मुलांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के.

माझा मुद्दा असा की अध्यापकाकडे बघून थोडंच कळतं. आवाज, फळा, हातवारे यांवर शेरे होतात आणि मंडळी समाधानानं घरी जातात. बघायचं ते मुलांच्या उत्तरांकडे. मी सुचवतो: दोन अध्यापकांनी एका इंटर्नलचे (अंतर्गत परीक्षेचे) वीस पेपर घेऊन बसावं आणि एकच चूक किती जणांनी, कशी कशी केली ते शोधावं. आमच्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या बऱ्याच चुका भौतिकशास्त्रातल्या नसतातच, प्रश्नातलं इंग्रजी वाक्य उलगडत नाही म्हणून होतात. प्रश्न दोन छोट्या वाक्यांत तोडून दिला की तीच मुलं बरोबर लिहितात. हे मला कोणी तासाला बसून सांगू शकलं नसतं.

हिरण्यकेशी मॅडमच्या अडचणीलाही यात वाट आहे. कोणी कोणाच्या वर्गात जायला नको, पेपर टेबलावर.

मार्कंडेय

मी विद्यार्थिनी आहे, बेळगावात बी. ए. दुसऱ्या वर्षाला. मोठ्यांच्या चर्चेत बोलते, रागावू नका. आम्हाला वर्षातून एकदा अभिप्रायाचा फॉर्म येतो, नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेसाठी, असतो असं सांगतात. तोपर्यंत सेमिस्टर संपलेलं असतं. आम्ही लिहिलेल्याचं पुढं काय झालं हे आम्हाला एकदाही कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मुलं सगळीकडे एकसारखी टिक करून देतात.

एका सरांनी सेमिस्टरच्या मध्यावर कोरे कागद वाटले. काय कळतंय आणि काय नाही ते लिहा, नाव घालू नका म्हणाले. पुढच्या तासाला त्यांनी वाचून दाखवलं आणि 'एवढं बदलतो, एवढं बदलणार नाही, कारण हे' असं सांगितलं. त्या पेपरला वर्गातली हजेरी वाढली. आम्हालाही विचारा ना.

मलप्रभाकाठ

बाळ, बोललीस ते छान केलंस. कोऱ्या कागदाची कल्पना सगळ्यांनी उचलावी. 'हे बदलणार नाही' हे सांगायलाही धैर्य लागतं, ते त्या सरांनी दाखवलं.

दूधगंगा

निपाणीहून. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. निपाणीला लागूनच अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आहे. ते कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाकडे. आमचं कॉलेज कर्नाटकात, राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. मुलं त्याच गल्ल्यांतली, एक भाऊ इकडं, दुसरा तिकडं. पण दोन्हीकडचे अध्यापक एका शिबिरात कधी भेटत नाहीत, कारण विद्यापीठं वेगळी, राज्यं वेगळी.

इकडं २०२१ मध्ये नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, चार वर्षांची पदवी आली. २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांवर. इतक्या थोड्या काळात दोनदा अभ्यासक्रम उलटापालटा झाला, नोट्स पुन्हा लिहिल्या. अशा वेळी सुधारणा म्हटलं की माणूस दमतो, हे आळसानं नव्हे. पण तोच पाठ पलीकडचा माणूस कसा शिकवतो हे बघायला मला आवडेल. त्याला कुणाची परवानगी लागायची? ओळखीनं जाऊ, ओळखीनं या.

वेदगंगा

कणबर्गी सर, पेपर घेऊन बसायचं मला पूर्ण पटलं, ते आम्ही सुरू करू. पण तास बघण्याची गरज त्यानं संपत नाही. मुलगा का गप्प बसला हे पेपरात दिसत नाही, पेपरात फक्त कोरी जागा दिसते.

हिरण्यकेशी मॅडम, तुमचं वाचून मी माझा प्रस्ताव बदलतेय. 'कागद नाही' म्हणजे सगळ्यांना सुरक्षित, असं मी धरलं होतं, ते तुमच्या बाबतीत खरं नाही. तेव्हा पहिलं सेमिस्टर दारं उघडायची ती फक्त कायम अध्यापकांनी. तुम्ही आमच्या तासाला या, मागं बसा, जे दिसलं ते तोंडावर सांगा. तुमच्या वर्गात तुम्ही बोलावल्याशिवाय कोणी पाऊल टाकणार नाही, आणि नाही बोलावलं म्हणून कोणी विचारणारही नाही.

हिरण्यकेशी

मॅडम, मोकळेपणानं बदल केलात, आभार. तरी माझं पूर्ण समाधान नाही. तुमच्या तासाला बसायला मी एक तास आधी निघणार, तो तास मानधनात नाही. कायम अध्यापकाच्या सोळा तासांत अशा कामाला रजा, ऑन ड्यूटी मिळते. मला गैरहजेरी. सुधारणेचं काम हे काम आहे असं मानत असाल तर आमच्या पंधरा तासांतला एक तास त्यासाठी धरावा, एवढं तुम्ही कायम लोकांनी प्राचार्यांकडे आणि वर खात्याकडे लेखी मागा. आम्ही मागितलं तर यादीतून जाऊ, तुम्ही मागितलं तर काही बिघडणार नाही.

तोपर्यंत वीस पेपरांच्या बैठकीला मी येते. माझा वर्ग उघडायचं नंतर बघू.

वेदगंगा

अर्जाचा मसुदा या आठवड्यात करते. मराठीत लिहिते, कन्नड मसुद्याला कोणी मदत करेल का? खात्याकडे कन्नडमध्येच द्यावा लागेल.

दूधगंगा

मी करतो. पाठवा.