ब्लू कार्ड आहे म्हणून जर्मन टाळू नका

तुमचा नवरा जर्मनीत म्युनिकला ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर आहे, त्यामुळे तुमच्या व्हिसाला ए१ या जर्मन भाषेच्या सर्वांत सोप्या परीक्षेची अट नाही, हे बरोबर. पण म्हणून ‘जर्मन तिकडे गेल्यावर बघू’ असं अजिबात करू नका. पुण्यात असाल तर मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला आत्ताच नाव घाला. नवऱ्याचं ऑफिसात इंग्रजीवर भागेल. घरी येणारं पत्र मात्र जर्मनमध्येच असतं आणि दिवसा दार उघडणार तुम्हीच. पार्सलवाला शेजाऱ्याचं खोकं घ्याल का विचारतो, डॉक्टरची वेळ फोनवर घ्यावी लागते. दर वेळी नवऱ्याची मीटिंग संपायची वाट बघणं फार जिवावर येतं हो.

जोडीदार म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर लगेच नोकरी करता येते. अमेरिकेत एच-४ वाल्यांना, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदारांना, सहसा जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं, तसं जर्मनीत नाही. तेव्हा डिग्री, मार्कशीट, अनुभवपत्रं यांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेतच ठेवा.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, तो नवऱ्याला आधीच मागून ठेवायला सांगा. आणि तुमचं आडनाव वेगळं असेल तर टपालपेटीवर तेही लावून घ्या, नाहीतर पत्रं परत जातात.