अणुवीज प्रकल्पाचं एम्बेडेड पार्ट्सचं काम घ्यावं का? दरात काय काय धरायचं?

बुटीबोरी_फॅब
नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत आमचं स्ट्रक्चरल फॅब्रिकेशनचं युनिट आहे. कोराडी, खापरखेड्याच्या थर्मल वीज केंद्रांकडची डक्ट, हॉपर, प्लॅटफॉर्म अशी कामं नेहमीची. आता एका मोठ्या सिव्हिल कंत्राटदाराकडून ७०० मेगावॉटच्या अणुभट्टीच्या इमारतीसाठी एम्बेडेड पार्ट्सची, म्हणजे काँक्रीटमध्ये गाडायच्या पोलादी प्लेटची, चौकशी आली आहे. माल १८० टन, आयएस २०६२ प्लेट, जाडी २० ते ४० मिमी, मागच्या बाजूला स्टड आणि सळईचे अँकर. सोबत जाडजूड क्यूएपी (कुठली तपासणी कधी, कोणी करायची ते सांगणारी गुणवत्ता योजना) जोडलंय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स आम्हाला काढावं लागतं का? थर्मलच्या दरावर किती टक्के चढवायचे? आणि हे काम नेमकं अडकतं कुठे?

क्यूए_हिंगणा
भाऊ, लायसन्सचं आधी सांगतो. एईआरबी १९८३ पासून या क्षेत्राची नियामक आहे, पण ती संमती देते प्रकल्प उभारणाऱ्या संस्थेला. जागा, बांधकाम, कार्यान्वयन, चालवणं आणि शेवटी भट्टी मोडीत काढणं, अशा पायऱ्या आहेत. बांधकामाची संमतीसुद्धा एकदम मिळत नाही. खोदाईची वेगळी, पहिल्या काँक्रीटची वेगळी, मोठी उपकरणं बसवण्याची वेगळी. तुम्हाला अर्ज करायचा नाही. मात्र त्या संस्थेने वर जे कबूल केलंय, ते तुमच्याकडे क्यूएपीच्या रूपाने येतं. त्यातली ओळ मोडली की तिने वर दिलेला शब्द मोडतो, म्हणून तिथे तडजोड होत नाही.

एक अपवाद आहे रेडिओग्राफीचा, म्हणजे किरणांनी वेल्डच्या आतले दोष बघण्याचा. बट जॉइंटची रेडिओग्राफी तुमच्या शेडमध्ये करायची ठरली तर एजन्सीकडे एईआरबीचं लायसन्स, प्रमाणित रेडिओग्राफर आणि आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) हवाच. कागद बघून थांबू नका, अंतरही मोजा. २० क्युरीचा इरिडियम-१९२ स्रोत कॉलिमेटर (किरणांचा झोत आवरणारं कवच) आणि आडोशाशिवाय उघडला तर १०० मीटरवर तासाला साधारण १० मायक्रोसिव्हर्ट आणि ३० मीटरवर शंभराच्या वर जातं. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट. एमआयडीसीत शेजारची शेड ३० मीटरवर असणं काही नवीन नाही. तिथे रात्रपाळी चालत असेल तर हे काम तुमच्याकडे करूच नका, एजन्सीच्या बंदिस्त खोलीत माल पाठवा.

आता दर. टक्के धरून हा दर निघत नाही. यात पैसा जातो थांबण्यात आणि पुराव्यात. समजा १८० टनांचे १५ टनांचे १२ लॉट केले आणि प्रत्येक लॉटला तीन होल्ड पॉइंट आहेत: कच्चा माल, फिट-अप (वेल्डआधीची जुळणी), रंगाआधीची अंतिम तपासणी. होल्ड पॉइंट म्हणजे सही झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही. नोटीस देऊन इन्स्पेक्टर येईपर्यंत प्रत्येक वेळी दोन दिवस धरले तरी लॉटमागे ६ दिवस, १२ लॉटचे ७२ दिवस. हे वाचवायचं तर एका वेळी तीन लॉट फ्लोअरवर फिरते ठेवा. म्हणजे ४५ टन पोलाद कायम पडून, तेवढी जागा, तेवढे जिग आणि तेवढं भांडवल. व्याज तिथेच धरा. सोबत एक पूर्णवेळ क्यूसी इंजिनीअर आणि कागद सांभाळणारा एक माणूस धरा. तुमचा सुपरवायझर वेळ मिळेल तसं बघेल म्हणाल तर दुसऱ्याच लॉटला हिस्टरी डॉकेट (तपासण्यांच्या सगळ्या कागदांची फाइल) अपुरं राहतं, आणि डॉकेट अपुरं म्हणजे माल तयार असूनही डिस्पॅच नाही.

सगळ्यात जास्त माल कशात रद्द होतो माहितेय? हीट नंबरात. प्लेट आली की त्यावर मिलचा हीट नंबर असतो, पोलाद कुठल्या ओतीचं ते सांगणारा. कापण्याआधी तो प्रत्येक तुकड्यावर पंच करून उतरवायचा, इन्स्पेक्टरसमोर, आणि रजिस्टरला नोंद. २५ मिमीच्या प्लेटमधून ३०० बाय ३०० चे तुकडे कापून झाले, ढीग लागला आणि मग पंच शोधायला निघाले, तर त्या ढिगातला कुठला तुकडा कुठल्या प्लेटचा हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. पोलाद उत्तम असेल, तरी या कामासाठी ते भंगार. उरलेल्या कापाचंही तेच, नंबर उतरवला नसेल तर पुढच्या लॉटला घेता येत नाही.

प्लेट ट्रेडरकडून घेणार असाल तर झेरॉक्स टीसीवर (मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर) विसंबू नका. मिलकडून थेट पडताळा आणि नमुना एनएबीएल मान्यतेच्या लॅबला पाठवा. धातूतले घटक ओळखणाऱ्या हाताच्या एक्सआरएफ गनवर कार्बन दिसत नाही, त्यासाठी स्पार्कवालं स्पेक्ट्रोमीटर लागतं. दक्षिण कोरियातल्या अणुप्रकल्पांत २०१३ मध्ये केबलच्या चाचण्यांची बनावट प्रमाणपत्रं उघड झाली, तेव्हा चालू भट्ट्या बंद करून केबल बदलाव्या लागल्या होत्या. खोटा कागद इथे साइटवर पोहोचून भिंतीत गाडला जातो, मग तो काढायचा कसा?

आणि प्री-बिड मीटिंगला जा. क्यूएपीची प्रत्येक ओळ वाचून जा. फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ अणुभट्टीला पायाच्या काँक्रीटचं पाणी-सिमेंट प्रमाण बिघडलं, तेव्हा २००६ मध्ये तिथल्या नियामकाच्या चौकशीत हेच निघालं की उपकंत्राटदारांना अणुप्रकल्पाच्या अपेक्षा नीट पोहोचवल्याच नव्हत्या.

वेल्ड_विदर्भ
हिंगण्याच्या दादांनी बरंच सांगितलं, मी फक्त वेल्डिंगचं सांगतो.

अँकर मागून वेल्ड झाले की प्लेट आकसते, कडा मागे ओढल्या जातात आणि दर्शनी बाजू मध्यात फुगते. सपाटपणाची मर्यादा ड्रॉइंगवर असते, आणि २० मिमीच्या प्लेटला ती पहिल्याच तुकड्यात ओलांडली जाते. दोन प्लेट दर्शनी बाजूंनी एकमेकींना लावा, मध्ये दोन-तीन मिमीची शिम (पातळ पट्टी) द्या, कडा क्लॅम्पने आवळा आणि आलटून पालटून दोन्हीकडचे अँकर टाका, मधून कडेकडे जात. पूर्ण गार झाल्याशिवाय क्लॅम्प सोडायचा नाही. शिम किती हे पहिल्या नमुन्यावर मोजून ठरवा. नंतर ज्योतीने तापवून सरळ करणं हे मंजूर प्रोसिजरशिवाय चालत नाही, आपल्याकडे कोणीही सवयीने करून टाकतं.

स्टड गनने लावणार असाल तर दर पाळीच्या सुरुवातीचे दोन स्टड ३० अंशांपर्यंत वाकवून बघायचे. मुळाशी चीर दिसली तर सेटिंग बदला, मगच पुढे.

७०१८ वेल्डिंग रॉड ३०० ते ३५० अंशांवर भाजून होल्डिंग ओव्हनमध्ये, आणि वेल्डरच्या हाताशी पोर्टेबल ओव्हन. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी म्हणून पोरं ढिलाई करतात. जुलैत तीच सवय राहते आणि रॉड ओला होतो. वेल्डरची पात्रता एएसएमई या अमेरिकन कोडच्या सेक्शन नऊप्रमाणे असेल तर त्या प्रोसेसवर सहा महिने काम न केल्यास ती संपते. कंटिन्युइटी रजिस्टर (कोणी कधी वेल्ड केलं याची नोंदवही) नसेल तर सगळे वेल्डर पुन्हा तपासून घ्यावे लागतील.

बुटीबोरी_फॅब
मनापासून आभार दोघांचे. हे कोटेशनआधी कळलं म्हणून बरं झालं. एक शंका राहिली. एखादा अँकर २० मिमी सरकून लागला, तर काढून नीट लावून टाकला तर काय बिघडलं? एनसीआर (काम ठरल्याप्रमाणे नसल्याचा अहवाल) उघडला की नाव खराब होईल, पुढचं काम मिळणार नाही, असं आमच्या शॉपमध्ये सगळे म्हणतात.

साइट_सिव्हिल
हाच समज घातक आहे. एनसीआर ही शिक्षा नाही. चूक कोणाच्या नजरेला आली आणि तिचं काय करायचं हे कोणी ठरवलं, याची ती नोंद. डिझायनर सांगेल: आहे तसं चालेल, दुरुस्त करा, पुन्हा करा किंवा रद्द. २० मिमी सरकलेला अँकर बऱ्याचदा तसाच चालून जातो. पण तुम्ही तो कापून पुन्हा लावला, तर त्या जागी प्लेट दोनदा तापलेली आहे आणि कागदावर एकदाच. पुढे प्लेटवर पाइपचा सपोर्ट येणार, भूकंपाचं बल त्याच अँकरवर येणार, आणि हिशेब करणाऱ्याला ते ठाऊकच नाही.

साइटवर याचं मोठं भावंड म्हणजे कापलेली सळई. एम्बेडेड प्लेटचा अँकर आणि भिंतीची सळई एकाच जागी येतात, पोअर (काँक्रीट ओतणं) सकाळी ठरलेला असतो, रात्रपाळीचा फोरमन गॅस कटरने सळई उडवतो आणि प्लेट बसवतो. सकाळी पोअर कार्डावर सही होऊन काँक्रीट पडलं की ती भिंत ड्रॉइंगप्रमाणे राहिली नाही. अमेरिकेत व्होग्टल अणुप्रकल्पाला पायाची सळई मंजूर आराखड्याशी जुळत नाही हे २०१२ मध्ये निघालं, आणि काँक्रीट पडण्याआधीच निघालं. तरी परवान्यातच बदल मागावा लागला आणि पहिलं काँक्रीट मार्च २०१३ वर गेलं. पडल्यावर निघालं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

डिझायनरकडेच का जायचं, याचं आपल्याकडचं उत्तर कर्नाटकातला कैगा अणुप्रकल्प. १३ मे १९९४ ला बांधकाम चालू असताना कैगा-१ च्या आतल्या घुमटाचा काँक्रीटचा थर सुटून खाली आला. काँक्रीट दाबात ठेवण्यासाठी आत ताणून बसवलेली वक्र केबल काँक्रीटला जाडीच्या दिशेने ओढते. तो ताण पेलायला त्या दिशेची सळई पुरेशी नव्हती. वेल्डर किंवा फोरमनच्या नजरेने हे दिसणं शक्यच नाही. घुमटाचं डिझाइन नव्याने झालं, जास्त ताकदीचं एम६० काँक्रीट आलं, आणि भट्टी व्यावसायिकरीत्या सुरू व्हायला नोव्हेंबर २००० उजाडलं.

म्हणून अडचण कामाआधी दिसली तर डिझाइन कन्सेशनची (ड्रॉइंगपासून फरक करण्याच्या परवानगीची) विनंती टाका, काम झाल्यावर दिसली तर एनसीआर. दोन्हींत मोजमाप आणि फोटो द्या. इन्स्पेक्टरला खटकतो तो शून्य एनसीआरचा १८० टन माल, कारण इतक्या कामात एकही चूक होत नाही यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

अजून एक, ड्रॉइंग हातात आहे तोवर बघून घ्या. आडव्या बसणाऱ्या मोठ्या प्लेटना हवा निघायची भोकं आहेत का? नसतील तर काँक्रीट खाली पोहोचत नाही, पोकळी राहते, हातोडीने ठोकलं की बद्द आवाज येतो. साइटवर ड्रिल मारू देत नाहीत आणि ग्राउटिंगचा खर्च कोणाचा यावरून वाद होतो. भोकं नसतील तर आत्ताच लेखी प्रश्न टाका. काँक्रीटला टेकणाऱ्या बाजूला रंग लावायचा नाही, हेही पेंटरला बजावून ठेवा.

बिलिंग_सीताबर्डी
पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघू उद्योगाची असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. पण १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती दूर होईल त्या दिवशी माल स्वीकारला असं धरतात. म्हणजे साइटवर पोहोचलेल्या मालावर एनसीआर उघडा असेल तर ४५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, आणि निर्णय डिझायनरकडे महिना पडून राहिला तर तुमचे पैसेही महिनाभर पडून.

ऑर्डरवर सही करण्याआधी तीन कलमं लिहून घ्या. नोटीस दिल्यावर ठरलेल्या मुदतीत इन्स्पेक्टर आला नाही तर ते दिवस डिलिव्हरीच्या मुदतीत वाढवून मिळतील. एनसीआर एका तुकड्यावर असेल तर बिल फक्त त्या तुकड्याचं अडेल, लॉटचं नाही. आणि ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आल्यावर जुन्या आवृत्तीप्रमाणे कापून झालेल्या मालाचे पैसे मिळतील. तिसऱ्या कलमावर सगळ्यात जास्त घासाघीस होते, तिथे सोडू नका.